कोपऱ्यातला पोरगा : कबड्डीतल्या बचावपटूबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ जून ते ३१ जुलै समुद्रात जायला बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी सांधायला काढलेली, आणि डहाणू तालुक्यातल्या वरोरची तरणी पोरं संध्याकाळी मोकळी. पाऊस जरा उघडला की मैदान आखलं जातं आणि गावभर ‘कबड्डी कबड्डी’चा दम घुमतो. या पोरांचा सराव मी बरीच वर्षं घेतो आहे. दरवर्षी एखादे वडील कडेला येऊन उभे राहतात, थोडा वेळ पाहतात आणि हळूच विचारतात, “सर, आमचा चढाईला जातच नाही हो. नुसता कोपऱ्यात उभा असतो. त्याचं पुढे काय?”

प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. आधी बाहेरचं एक उदाहरण घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये हल्ल्याची फळी वेगळी आणि बचावाची वेगळी. बचावात खेळणारा माणूस उभी कारकीर्द समोरच्याला अडवण्यात घालवतो, त्यावर घर चालवतो, नाव कमावतो. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे कबड्डीतला कोपरारक्षक आणि मध्यरक्षक. खेळ घरचा असूनही या भावाची कदर आपण कमीच करतो. त्याच्याबद्दलचे जे समज मी मैदानाच्या कडेला रोज ऐकतो, ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : बचाव म्हणजे ताकदीचं काम. अंगाने दांडगा पोरगा कोपऱ्यात उभा करावा.

वस्तुस्थिती : नुसत्या वजनावर हा खेळ चालत नाही, म्हणूनच नियमांनी वजनाला मर्यादा घातली आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो, महिलांत ७५ किलो. त्यापुढे काटा गेला तर पोरगा कितीही दांडगा असो, बाहेर बसतो.

पकड ठरते ती जागेवर आणि वेळेवर. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनसरेषा. बोनसरेषेच्या मागे उरतात अवघे पावणेदोन मीटर. चढाईपटू बोनसवर पाय टाकायला आला, की कोपरारक्षकाला त्या पावणेदोन मीटरच्या पट्टीतून त्याच्या घोट्यापर्यंत पोचायचं असतं. चढाईपटूचा पाय जमिनीवर टेकून त्यावर शरीराचा भार येतो तो क्षण पकडीचा. पाय हवेत असताना झेप घेतली तर हाती काही लागत नाही. भार परत मागच्या पायावर गेल्यावर झेप घेतली तर तो निसटतो आणि जाता जाता हात लावून जातो.

ही गोष्ट मी पोरांना डोलीच्या भाषेत सांगतो. आपल्या किनाऱ्यावर डोल लावतात तेव्हा जाळं मासळीच्या मागे धावत नाही. खुंटाला बांधून प्रवाहात तोंड उघडून ठेवायचं, भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील आपणहून आत येतो. मात्र डोल कुठे लावायची आणि कधी उचलायची हे तांडेलाला कळलं पाहिजे. कोपऱ्यातला पोरगा तसाच. तो चढाईपटूच्या मागे धावत नाही, त्याच्या येण्याची वाट ओळखून उभा राहतो. ज्याला थांबता येतं तोच चांगला पकडतो.

गैरसमज २ : पकडीत काहीही चालतं. ओढा, पाडा, दाबा.

वस्तुस्थिती : चढाईपटूला फक्त धडाला किंवा हातापायांना धरता येतं. तोंड दाबून त्याचा दम तोडणं, गळा आवळणं, केस किंवा कपडे ओढणं, पायांची कात्री घालणं हे सगळं नियमाबाहेर. पंच हिरवं कार्ड दाखवून ताकीद देतात, पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर, लाल मिळालं की सामन्यातूनच बाहेर. सातांतला एक कमी होऊन खेळायची पाळी संघावर येते ती त्याच्यामुळे. आडदांडपणा करणारा बचावपटू आपल्याच संघाला जड होतो.

गैरसमज ३ : सामना चढाईपटू जिंकतो. बचावपटू नुसती भर घालतो.

वस्तुस्थिती : या समजाचं मूळ गुणफलकात आहे. प्रो कबड्डीत प्रदीप नरवालने एका हंगामात, २०१७ साली, चढाईत ३६९ गुण मिळवले. बचावात एका हंगामात १०० पकडगुणांचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो नितेश कुमारने, पुढच्याच हंगामात. ३६९ आणि १०० शेजारी ठेवले की बचावपटू लहान वाटतो. पण एका चढाईत दोन-तीन गडी टिपता येतात, पकडीत मात्र समोर एकच माणूस असतो. त्यात, धरलेला चढाईपटू मध्यरेषेला टेकला तर त्याला धरणारे सगळेच बाद. एवढी जोखीम पत्करून मिळालेला तो एक गुण असतो.

शिवाय पकडीचा हिशेब एका गुणावर संपत नाही. समोरचा मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, की त्याच्याशिवाय जितका वेळ जाईल तितका वेळ त्यांच्या संघाची धार गेलेली असते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एकाऐवजी दोन गुण मिळतात. लोण चढायच्या बेतात असलेला संघ अशा एका पकडीने सामन्यात परत येतो. आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घेतलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. त्या दोन चढाया कोऱ्या घालवल्या कुणी? बचावानेच. गुणफलकावर त्या कामाची नोंदसुद्धा होत नाही.

याहून मोठा दाखला हवा असेल तर २०१८ चं जकार्ता आठवा. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई खेळांत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. जकार्तात उपांत्य फेरीत इराणने भारताला २७–१८ असं हरवलं. नावाजलेल्या चढाईपटूंचा ताफा असलेल्या संघाला पूर्ण सामन्यात १८ गुणांवर रोखलं ते इराणच्या बचावाने. त्याच इराणचा फझल अत्राचली मुंबई आणि पुणे, दोन्ही संघांकडून खेळला, आणि पकडगुणांत तो लीगच्या इतिहासात सगळ्यांत वर आहे. २०१५ साली यू मुंबाने अंतिम सामन्यात बंगळूरु बुल्सला ३६–३० ने हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा अनुप कुमारच्या चढाईइतकंच लोकांच्या तोंडी होतं ते मोहित छिल्लर, सुरेंदर नाडा आणि आपल्या विशाल मानेच्या बचावाचं नाव.

गैरसमज ४ : खरा पकडवीर एकट्याच्या बळावर पकडतो.

वस्तुस्थिती : एकट्याची पकड डोळ्यांत भरते, पण संघ टिकतो तो साखळीवर. कोपऱ्यातल्याने घोटा धरला की चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो. त्या वेळी मध्यरक्षक छातीने आडवा आला नाही, तर घोटा धरलेला पोरगा फरफटत जातो आणि गुण समोरच्याला मिळतो. उलट मध्यरक्षकाने धडक मारली आणि कोपरा जागचा हलला नाही, तरी गोष्ट तीच. म्हणून जोडी जमावी लागते. हाताला हात धरून उभं राहणारी पोरं बोटं दाबून एकमेकांना इशारा देतात, ‘आता नको’, ‘पुढच्या पावलाला’. प्रेक्षकांना तो इशारा दिसत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कर्णधार रिशांक देवाडिगा चढाईपटू. त्याच्या मागे डाव्या कोपऱ्यात गिरीश इरनक आणि मधल्या फळीत विशाल माने. सेनादलासारख्या संघाला २९ वर थांबवायचं तर असे दोघं लागतात, आणि दोघांचं एकमेकांशी जमलेलं लागतं.

गैरसमज ५ : हा खेळ आता हरियाणाचा झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या पोराला कोण विचारतं?

वस्तुस्थिती : शुभम शिंदे चिपळूण तालुक्यातल्या कोळकेवाडीचा. उजवा कोपरारक्षक. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामात तो पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या बालेवाडीत अंतिम सामना झाला, त्यात पाटणा हरियाणा स्टीलर्सकडून हरला. पण कोकणातल्या एका वाडीतला कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा बिहारच्या संघाचं नेतृत्व करत अंतिम फेरीपर्यंत गेला, हे आमच्या पोरांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

वाट लांब आहे, पण आखलेली आहे. शाळेत १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या स्पर्धा, मग किशोर गट, कुमार गट, जिल्हा निवड चाचणी, राज्य, राष्ट्रीय. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ ला सुरू झाला आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. सहा दिवसांच्या अंतराने दोन दारं उघडली. डहाणू-तलासरीच्या पोराला एवढ्या मोठ्या ठाणे जिल्ह्याच्या गर्दीतून वाट काढायची गरज उरली नाही, आणि राज्याच्या पुढे कुठे पोचायचं तेही समोर दिसू लागलं.

एक गोष्ट मात्र पोरांना बजावतो. माती आणि मॅट यांत फरक आहे. मातीत पाय थोडा घसरतो आणि घसरताना गुडघा सुटतो. मॅटवर बूट चिकटून बसतो, वेग वाढतो आणि पिळा थेट गुडघ्यावर येतो. मातीवर शिकलेला पोरगा मॅटवरच्या चाचणीला जाणार असेल, तर निदान महिनाभर आधी बूट घालून पावलं टाकायची सवय करावी. चाचणीच्या दिवशी नवे बूट घालणारी पोरं मी पाहिली आहेत. खेळ येत असून ती परत आली.

गैरसमज ६ : प्रो कबड्डीत निवड झाली की जन्माचं कल्याण. नाही झाली तर वेळ वाया गेला.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. पैसा वाढला हे खरं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले, आणि तो नावाजला आहे तो डाव्या कोपऱ्यातल्या पकडींसाठी. त्या हंगामात, १ मार्च २०२४ ला, पुण्याने पहिल्यांदा चषक उचलला. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि चषकही हरियाणाला गेला. बचावाची किंमत बाजाराला कळली आहे, हे यावरून दिसतं.

पण हे आकडे शिखराचे. २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती. लीगमध्ये संघ १२, सगळे मिळून खेळाडू तीनशेच्या आत. अख्ख्या देशातून तीनशे. आणि हंगाम वर्षातले काही महिने. गुडघा गेला तर पुढच्या लिलावात नाव पुकारलं जाईलच असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये केवढा पैसा आहे हे जग जाणतं, पण तिथल्या खेळाडूंच्या संघटनेनेच सांगितलेली सरासरी कारकीर्द साधारण साडेतीन वर्षांच्याही आत भरते. शरीरावर चालणाऱ्या कुठल्याही धंद्यात हे असंच असतं.

म्हणून आपल्याकडच्या कबड्डीपटूचा खरा आधार पूर्वीपासून नोकरी हाच आहे. रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियमसारख्या कंपन्या यांचे संघ असतात आणि तिथे चांगला मध्यरक्षक नेहमीच हवा असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना क्रीडागुण मिळतात. पण यासाठी प्रमाणपत्र लागतं, त्याची पडताळणी लागते, आणि पदाला लागणारं शिक्षण तर लागतंच. बक्षिसाची ढाल शोकेसमध्ये आणि प्रमाणपत्र भिजलेल्या पिशवीत, हे चित्र मी अनेक घरांत पाहिलं आहे. ढाल पडली तरी चालेल, कागद जपा.

गैरसमज ७ : दुखणं अंगावर काढतो तोच खरा बचावपटू.

वस्तुस्थिती : या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आमच्याकडे डाव्या कोपऱ्यात खेळणारा एक पोरगा आहे. दिवसा डायच्या कामाला बसतो. वाढवण-वरोर पट्ट्यात हा धंदा घरोघर चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची, त्या ठोकळ्यावर पुढे सोन्याचा पत्रा उमटतो. केसाएवढी रेघ चुकली तर डाय वाया. एका सामन्यात घोटा धरताना त्याची अनामिका वाकडी झाली. त्याने स्वतःच ओढून सरळ केली, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधली आणि उरलेला सामना खेळला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन आठवडे त्याने घरी काही सांगितलं नाही. मग एके दिवशी सरावाला आला तो हात मागे लपवून. बोट मधल्या पेराशी जाड आणि ताठ झालं होतं, मुठीत वळत नव्हतं. “सर, छिन्नी धरली की थरथरतं,” म्हणाला. त्या दिवशी मला माझ्या टाळ्या आठवल्या. बोट पहिल्याच दिवशी दाखवलं असतं, एक्स-रे काढला असता, तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं. पुढे महिनोन्‌महिने तो गरम पाण्यात बोट वळवत बसला.

बोटासारखाच गुडघा. मॅटवर पाय रोवलेला असताना अंग वळलं, आतून ‘टक’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म सुजला, तर आतला मुख्य अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यायलाच हवी. तो चोळून, शेकून, मुरगळा काढून बरा होत नाही. चोळल्याने इजा वाढते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. शस्त्रक्रिया झाली तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि ते नऊ महिने व्यायामाचे असतात, नुसत्या आरामाचे नव्हेत.

तिसरं डोकं. घोटा धरायला खाली वाकलेल्या कोपरारक्षकाच्या डोक्याला चढाईपटूचा गुडघा लागतो. पोरगा क्षणभर सुन्न होतो, डोकं झटकतो आणि पुन्हा उभा राहतो. अमेरिकेत ही गोष्ट फार उशिरा कळली. ज्युनियर सेआऊ हा तिथला नावाजलेला बचावपटू, वीस हंगाम खेळलेला. २०१२ साली त्याने आत्महत्या केली. त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा आजार सापडला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो आजार आढळला. शंका असलेल्या कुटुंबांनीच मेंदू दान केले असणार, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. आणि कबड्डीत तसल्या धडका दर मिनिटाला होत नाहीत. तरी धडा तोच. डोक्याला लागून पोरगा गोंधळला, ओकारी आली, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. पुढचा निर्णय डॉक्टरांचा.

गैरसमज ८ : पकड हा मुलींचा खेळ नव्हे.

वस्तुस्थिती : २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य शासनाने तिघींना प्रत्येकी १ कोटी जाहीर केले. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे होत्या. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे जागा आणखी आवळलेली, आणि पकडीला क्षण आणखी थोडा. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चिंचणीच्या बाजारापर्यंत चालणाऱ्या आयांच्या मुलींना पायांची ताकद शिकवावी लागत नाही. त्यांना संध्याकाळचा एक तास आणि घरातून निघायची मोकळीक, एवढंच लागतं.

कडेला उभ्या राहणाऱ्या त्या वडिलांना आता माझं उत्तर असं. तुमचा पोरगा कोपऱ्यात उभा आहे म्हणजे तो मागे पडलेला नाही. थांबायला, ओळखायला आणि जोडीदारावर विश्वास टाकायला तो शिकतो आहे. एकट्याने धरलेला घोटा निसटतो, साखळी आली तर पकड होते. त्याच्या कारकिर्दीचंही तसंच आहे. शिक्षण, जपून ठेवलेला कागद, वेळेवर दाखवलेलं दुखणं आणि पाठीशी उभं घर, ही त्याची साखळी.

१५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. तेव्हा होड्या किनाऱ्यावरच असतात. त्या संध्याकाळी मैदानावर या. चढाईपटूकडे सगळेच पाहतात, तुम्ही तुमच्या पोराच्या पायांकडे पाहा. आणि घरी गेल्यावर त्याचे हात हातात घेऊन बोटं एकदा मोजा, दहाच्या दहा नीट वळतात ना ते बघा.